नानांच्या फोटोतली बोट

माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या अमळनेरला ठाऊक आहे. बाजारात माझं तसबिरींचं दुकान — काच, चौकट, खिळे आणि फुकटच्या गप्पा. तिथे बसून मी सगळं सांगून टाकलंय. हे एक सोडून. हे बायकोलाही माहीत नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आलेली. आमच्या गल्लीतले नाना, तेलगिरणीतून निवृत्त झालेले, एक पिवळा पडलेला फोटो घेऊन दुकानात आले. उंच धुराड्याची एक बुटकी बोट आणि कठड्याला टेकून हसणारा त्यांचा धाकटा भाऊ. वीस वर्षांपूर्वी तो मुंबईला गेला, हा फोटो पाठवला, त्यानंतर चिठ्ठी नाही. आणि आखाजीला आमच्याकडे वारलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. भावकी नानांच्या मागे लागली होती — आता धाकट्याचीही भरा, किती वाट बघणार?

"भाऊ, तू मुंबई देखेल शे," नाना मला म्हणाले; मला सगळे भाऊच म्हणतात. "हाई बोट कोठली शे?"

मुंबई मी पाहिली होती — चार दिवस. बोट पाहिली होती — लांबून. पण दुकानात चार माणसं बसलेली! मला आणखी काय हवं? मी भिंग काढलं, भुवई चढवली, फोटो उजेडात धरला आणि जाहीर केलं, "नाना, ही तर आफ्रिकेची आगबोट! तुमना धाकला सातासमुद्रापार शे. जित्ता शे!"

नानांचा चेहरा असा उजळला — काय सांगू तुम्हाला! त्यांनी घागर भरली नाही. उलट फोटो मोठा करून चौकटीत बसवायला सांगितला.

त्यासाठी मी धुळ्याच्या एका स्टुडिओत गेलो. तिथे मालकाचे वडील बसले होते, उभा जन्म मुंबईच्या गोदीत काढलेले. फोटो बघून ते हसलेच. "अहो, ही टग! नाकावर दोरखंडाची ही गादी बघा, मोठ्या जहाजाला ढकलायला. मागे हा ओढायचा आकडा. आणि धुराड्यावर दोन पांढरे पट्टे — म्हणजे आमची 'शेवंती'! जहाजं धक्क्याला लावायची, एवढंच हिचं काम. बंदर सोडून कुठे जात नाही." 'शेवंती'वरची माणसं अजून माझगावात एका खोलीत राहतात म्हणाले, आणि पत्ता लिहून दिला.

म्हणजे नानांचा धाकटा आफ्रिकेत नव्हताच. असला तर मुंबईत — एका रात्रीच्या प्रवासावर.

एसटीत मी काय बोलायचं ते पाठ केलं. हो, पाठ! दुकानाशी उतरतो तो नाना तिथेच. चहा मागवून लोकांना सांगत होते, "भाऊनी एक नजरमा वळखी लिधी!"

मी पत्ता खिशातच ठेवला. नानांचं मन मोडू नये म्हणून? असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. छे. चार माणसांपुढे मी खोटा पडलो असतो, एवढंच. फोटो सोनेरी चौकटीत बसवून दिला.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं नाना पोस्टमनला विचारत राहिले — आफ्रिकेचं काही आलं का रे? आणि जाता जाता माझ्या गल्ल्यावर मूठभर भाजलेल्या शेंगा ठेवायचे. माझ्यावर फार जीव होता त्यांचा.

ते गेले त्या दिवशी त्यांच्या बायकोने, अक्कांनी, मला जवळ बसवलं. "भाऊ, तुले बोटीस्नं बठ्ठं माहीत शे. धाकलाले कोठे कळाडू?"

निदान तेव्हा तरी? पत्ता मला तोंडपाठ होता. मी म्हणालो, "अक्का, बोट समुद्रात असेल. कसं कळवणार?"

अक्का दारातल्या पाहुण्यांकडे वळल्या. "भाऊ म्हनस, तो समुद्रमा शे," त्यांनी सांगितलं. कुणीच काही विचारलं नाही. मी सांगितलं होतं ना!

नानांचा धाकटा असला, तर आता म्हातारा झाला असेल. त्या पत्त्यावर मी अजून गेलेलो नाही.