घट्ट डबी, पातळ डबी

लातुरात तेलबाजारामागं एका शेठचं टाचांच्या भेगांवरच्या मलमाचं दुकान होतं. करडीचं तेल तापवायचं, त्यात मोहळाचं मेण वितळवायचं आणि डब्यांत ओतायचं. निवलं की तूप थिजावं तसं ते थिजायचं. गिऱ्हाईक आलं की तो आधी पाय बघायचा, मग तोंड. कॉलेजात होतो तोवर मी त्याला 'ए पोरा' होतो. नवा जिल्हा झाला, मी कलेक्टर कचेरीत लागलो, पायात बूट आले, तसा 'साहेब' झालो. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. खोटं कशाला बोलू, ते 'साहेब' गोड लागायचं.

पुढं दुष्काळ पडला. फुलंच नव्हती, तिथं मोहळं कुठून बसणार? मेण मिळेना. मग तो दोन तऱ्हेचं मलम करायला लागला. एक नेहमीचं घट्ट. दुसऱ्यात मेण नावालाच. ते भेगेत थांबायचंच नाही, ओघळून जायचं.

चाकूरकडून आई आली. दुष्काळी कामावर खडी फोडून तिच्या टाचा रक्ताळल्या होत्या. माझा पगार शिक्षणाच्या कर्जातच जायचा; काम सुटलं तर घरी चूल पेटणार नव्हती. तिला दुकानाकडं पाठवून मी कचेरीतून मागाहून पोचलो, तर तिच्या हातात पातळ डबी.

"शेठ, ही माझी आई हाय."

"मंग आधी सांगायचं न्हाई का, साहेब!"

त्यानं हसत आईला घट्ट डबी दिली आणि तिच्या हातातली पातळ काढून मागं उभ्या असलेल्या, तसल्याच फुटक्या टाचांच्या बाईच्या हातावर ठेवली.

"घ्या मावशी. लई गुणाचं हाय."