कारभारणीचं शेवटचं दार

आमच्या कारभारणीनं जाता जाता मोठं पुण्याचं काम केलं. मला एका बंद दारापुढं उभं केलं आणि उत्तर बरोबर घेऊन निघून गेली. रविवारची दुपार होती. ओसरीवर घोंगडी अंथरलेली, मध्ये फासे, भोवती आम्ही तिघं खेळणारे, आणि भिंतीला टेकून ती, मांडीवर सूप घेऊन डाळ निवडत बसलेली. म्हणाली, "गढीचं दार हाय. कुलूप न्हाई, कडी न्हाई. दारापुढं चपलांचा एक जोड हाय. त्या चपलांचं काय करायचं ते करा, दार आपोआप उघडतंय." शेहेचाळीस वर्षांच्या संसारातलं आमचं शेवटचं भांडण चपलांवरून झालं, आणि त्या चपला बी खऱ्या नव्हत्या.

हा खेळ ठाऊक नसेल त्यांना सांगतो. आमच्या नायगावच्या बाजूला तो ठाऊक असणारा दुसरा म्हातारा सापडला तर त्यानं मला येऊन भेटावं, मी त्याला चहा पाजीन. माझी नात पूजा लातूरला हॉस्टेलात राहून शिकते. अभ्यासाला पाठवली होती, ती हा खेळ शिकून आली. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी सोंगं घ्यायची. कुणी पैलवान, कुणी चोर, कुणी पंडित. सांगणारा म्हणतो, पुढं नदी आली. आपण म्हणायचं, मी पोहून जातो. मग वीस तोंडांचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर पार, लहान पडला तर गटांगळ्या. पट नाही, सोंगट्या नाहीत, शेवटी कोण जिंकलं ते बी नाही. मी म्हणलं, ही तर आमची ग्रामसभाच झाली.

पहिला डाव दिवाळीच्या सुट्टीत पूजानं सांगितला. खेळायला मी आणि शेजारचे कंडक्टर. कंडक्टर एसटीतून रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी खांद्याला पिशवी अडकवल्यासारखे तिरपेच चालतात. पूजानं भुयारात एक दार घातलं आणि दारावर इंग्रजी अक्षरांचं कोडं. मी चौथी नापास. कंडक्टरचं इंग्रजी स्टॉपला सुरू होतं आणि स्टँडला संपतं. दीड तास आम्ही त्या दारापुढं बसलो. पूजा गालात हसत होती. तिला वाटत होतं, काय अवघड कोडं घातलं मी! शेवटी कंडक्टर तंबाखू आणतो म्हणून उठले ते दुसऱ्या दिवशी उगवले.

तोवर कारभारीण चुलीपुढं बसून ऐकत होती. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरी, ह्या दाराला सोडून दुसरी वाट हाय का?"

"नाही आजी. कोडं सुटलं तरच पुढं."

"मग हे कोडं न्हाई बाई. हे कुलूप हाय, आन् किल्ली तुझ्या एकटीच्या कनवटीला. पावन्याला जेवायला बसवायचं आन् मीठ लपवून ठेवायचं, ह्याला पाहुनचार म्हनतेत का लातुरात?"

पूजाचं तोंड बघण्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून गोष्ट सांगायला आमची कारभारीण बसली. पूजा म्हणाली, आजी, ह्या कामाला गेम मास्टर म्हणतात. ही म्हणाली, "मास्तर कशाला? घर चालवते ती कारभारीण, खेळ चालवते ती बी कारभारीण." हिला सहीपुरतं लिहिता यायचं. सगळी गढी, सगळी भुयारं, सगळी भुतं डोक्यात. माझ्या चष्म्याची जागा मात्र तिला कधी सांगता आली नाही, असं मी तिला बोलून दाखवायचो.

तिचा एक कायदा होता. कोडं सुटलं तर वाट जवळची, नाही सुटलं तर लांबची, पण वाट पाहिजेच. कंडक्टरचं सोंग पैलवानाचं. त्यांना विचार करायचा कंटाळा. एकदा म्हणाले, "वहिनी, कोडं गेलं खड्ड्यात. मी दाराला लाथ घालतो." ही म्हणाली, "घाला की भावजी, फासा टाका." अठरा पडले. "मोडलं दार. पर आवाजानं राखनदार उठला, आता त्याच्याशी बघून घ्या." अडवलं नाही, आणि फुकट बी सोडलं नाही. पोरांना वाढवलं ते असंच.

मी पंडिताचं सोंग घेतलं होतं, पांढऱ्या दाढीचा, चारी वेद पाठ असलेला. अख्ख्या आयुष्यात कुणी मला शहाणं म्हणलं नव्हतं, म्हणलं इथं तरी हौस भागवून घ्यावी. पण कोडं आलं की पंडित गप. कंडक्टर टोमणा मारायचे, "पंडितजी, पुढं सरका, मागं गर्दी हाय." तेव्हा ही त्यांना दटावायची. "ह्येंला सुचत न्हाई म्हनून पंडिताला सुचत न्हाई असं कुठं हाय? भावजी, तुमाला एक पोतं उचलत न्हाई, तुमच्या पैलवानाला झाड उपटू देते का न्हाई मी? अवो, फासा टाका तुमी." फासा बरा पडला की ती माझ्या कानाशी येऊन हळूच एक खूण सांगायची. पूर्ण उत्तर कधीच नाही. माझ्या अडाणीपणाला असा मान उभ्या तालुक्यात दुसऱ्या कुणी दिला नाही. मी मात्र तेव्हा म्हणायचो, कानात तंबाखूचा वास येतो, लांबून सांग.

आपलंच उत्तर खरं, हा हेका तिचा कधीच नव्हता. एकदा तिनं पुलावर एक म्हातारा पहारेकरी बसवला. तलवारीला भीत नाही, सोन्याला बधत नाही. वर्षानुवर्षं कुणी न दिलेलं जो देईल त्यालाच सोडीन म्हणतो. आम्ही हार, शालू, घोडा, सगळं देऊन पाहिलं. मग कंडक्टर एकदम म्हणाले, "वहिनी, मी त्याला रजा देतो. तू घरी जा म्हनतो, पूल मी सांभाळतो. तीस वर्षं नोकरी केली, न मागता रजा कुणी दिली न्हाई मला." हिनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. म्हणाली, "माझं उत्तर येगळं होतं. पर तुमचं बी खरं हाय. उघडला पूल." तिचं उत्तर पूजानं नंतर काढून घेतलं. जेवलास का, एवढं विचारायचं होतं.

आणि सगळ्यात मोठा कायदा हा, की कोडं घालायच्या आधी उत्तर तीनदा समोरून न्यायचं. गोष्टीतच कुठंतरी ते पडलेलं पाहिजे. "दाखवल्याबिगर इचारनं पाप हाय," म्हणायची.

तर त्या रविवारी चपला. गोष्टीत एक राजा होता. अंधार पडल्यावर दमून घरी यायचा, कशातरी चपला झटकायचा आणि आत जायचा. सकाळी बाहेर पडताना मात्र जन्मात कधी ठेचकाळला नाही, ह्याचा त्याला मोठा गर्व. त्याच्याकडं एक बाई होती, रोज उजाडायच्या आत उंबऱ्याशी वाकायची. राजाला वाटायचं, देवभोळी आहे, उंबऱ्याला नमस्कार करते. एवढी गोष्ट सांगून हिनं आम्हाला दारापुढं आणलं.

कंडक्टरनी चपलेनं दार बडवलं. पूजानं डावीची उजवीकडं केली, तळवे तपासले, वहीत काय काय लिहिलं. मी पंडित, मी त्या चपला पादुकांसारख्या डोक्यावर घेतल्या. सगळे हसले, ही सगळ्यात जास्त हसली. दार काही उघडेना.

"फासा टाका पंडित, खूण सांगते."

"न्हाई टाकत. ह्याला उत्तरच न्हाई."

"हाय की. रोज तुमच्या म्होरं असतंय."

"माझ्या म्होरं रोज तू असतेस. अन्यायाचं कोडं हाय हे. लबाड हायस तू, कबूल कर."

दोन्ही पोरं, सून, पाहुणे, माझी आई, सगळ्यांनी तिला काही ना काही म्हणलं असेल. लबाड कुणी म्हणलं नव्हतं. ती रागावली नाही. सुपातले खडे वेचून बाजूला टाकले आणि म्हणाली, "लांबची वाट बी हाय. पर तुमाला जवळचीच सापडंल. उद्या सकाळी सांगते." मी उठून पाराकडं गेलो. परत आलो, जेवलो, तिच्याशी न बोलता झोपलो. कोण मोठा मानी माणूस!

सोमवारी ती उठली नाही. उन्हाची तिरीप तोंडावर आली आणि चहाची हाक आली नाही, तेव्हा मी तिच्याकडं बघितलं. डॉक्टर आले, म्हणाले झोपेतच गेली, त्रास झाला नाही. हो, तिला नसेल झाला. दुपारपर्यंत पाहुणे आले, दिवस कलायच्या आत सगळं उरकलं. स्मशानात अनवाणीच जाऊन आलो, अंगणात अंघोळ केली आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. माणसं येऊन सांगत होती, लई गुणाची होती. मला त्यातलं एकच खुपत होतं. ती खरी होती का लबाड, हे विचारायचं कुणाला? वही नाही, चिठ्ठी नाही. पूजा रडता रडता म्हणाली, "आबा, आजी उत्तर नसलेलं कोडं घालणारच नाही." मला बी तेच वाटत होतं, आणि तसं असेल तर मी तिला लबाड म्हणलो त्याचं काय, ते सुचत नव्हतं.

मंगळवारी सकाळी उठलो. माणूस मेलं तरी म्हशीला वैरण लागते, तिला कुणी सांगायला गेलं नव्हतं. दार उघडलं, उंबरा ओलांडला आणि सवयीनं पाय खाली टाकला. पाय चपलेत गेलाच नाही. ठेच लागली, चौकट धरली म्हणून वाचलो. खाली बघितलं. रविवारी पाराकडून येऊन मी जशा झटकल्या होत्या तशाच चपला पडल्या होत्या, एक उपडी, दोन्हींची तोंडं घराकडं.

शेहेचाळीस वर्षं मी बाहेर पडताना माझ्या चपलांची तोंडं रस्त्याकडं असायची. त्या आपोआप फिरतात असं मला वाटत असावं. काहीच वाटत नसावं, हेच खरं. पहाटे तिला तिथं वाकलेली मी कितीदा बघितली होती. पुन्हा कुशीवर वळताना मनात म्हणायचो, बाई देवभोळी आहे.

कोडं न्याय्य होतं. दाखवल्याबिगर तिनं काही विचारलं नव्हतं.

मी खाली वाकलो. गुडघे वाजले. माझी उपडी चप्पल सुलटी केली, दोन्ही फिरवल्या. भिंतीच्या कडेला तिचा जोड होता, टाचेकडं झिजलेला, तोंड घराकडं केलेला. तिच्या चपला कुणी फिरवत नव्हतं. त्या उचलल्या, पदर नसल्यामुळं धोतराच्या सोग्यानं पुसल्या, तोंड रस्त्याकडं करून माझ्या चपलांशेजारी नीट मांडल्या. मागून पूजानं विचारलं, "आबा, काय करताय?"

"दार उघडलं," मी म्हणलं, आणि म्हशीला वैरण टाकायला गेलो.