मॅडमची काळी स्क्रीन

मॅडम बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघायच्या. नवीन माणूस हमखास कान चाचपून बघायचा, काही लागलंय की काय म्हणून. "तुमचं तोंड बघायचं तर मला कानाकडेच बघावं लागतं," असं त्या शांतपणे सांगायच्या. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग अधू झाला होता. जिथे नजर रोखावी तिथे धुरकट डाग, आणि जे काही दिसायचं ते कडेकडेचं. आमच्या साहेबांचा मात्र शेवटपर्यंत समज होता की ही बाई आपल्याकडे मुद्दाम बघत नाही.

पोलादपुरातल्या एका सरकारी कचेरीत मी कंत्राटावर संगणक चालवायचो. कुठल्या ते सांगत नाही. तुम्ही अशा कचेरीत गेलाच असाल. भिंतीवर 'आपली सेवा हेच आमचे ध्येय' असं लिहिलेलं असतं आणि ते वाचायला आलेल्या माणसाला भरपूर वेळ असतो. मॅडम तिथे लिपिक. मूळच्या वरंधच्या, राहायला महाडात, रोज एसटीने यायच्या. त्यांच्या टेबलाला माझं टेबल लागून होतं.

कागदाच्या दिवसांत त्यांचं निभलं. कागद नाकाला लावून वाचता येतो. पण सगळे अर्ज संगणकावर आले आणि मॅडम स्क्रीनला नाक लावू लागल्या. संध्याकाळी काचेवर नाकाचा ठसा दिसायचा. कचेरीने त्यांची फार काळजी घेतली. एकाने गाजर खायला सांगितलं. एकाने कुठलेसे थेंब आणून दिले. साहेब तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही नुसत्या बसून राहा, काम दुसरं कोणी बघेल." सरकारी नोकरीत याहून मोठा मान नाही. तो नाकारणारा माणूस मी एकच पाहिला.

"मला काम दिसत नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या, "पण पगार दिसतो. तो बसून घेता येणार नाही."

मग एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "हे मोठं नाही का रे होत?"

होत होतं. संगणक आला त्या दिवसापासून ती सोय त्याच्या पोटात होती. फक्त सेटिंगमधलं ते पान आमच्या कचेरीत कधी कोणी उघडलं नव्हतं. तशी बरीच पानं आमच्याकडे न उघडलेली असतात.

ती सबंध दुपार आम्ही दोघं स्क्रीनपुढे बसलो. मी एकेक गोष्ट बदलायचो आणि कोंबडी दाणा बघते तशी मॅडम मान वाकडी करून बघायच्या.

"पांढरं नको," त्या म्हणाल्या. "वरंध घाटात समोरून गाडी येते ना दिवे डोळ्यांवर मारत, तसं होतं."

मी मागचा रंग काळा केला. अक्षरं हिरवी करून बघितली, ती त्यांना दिसेनात. पिवळी केली.

"आता कसं माणसात आलं. मोठी कर."

केली.

"आणखी."

बाण खुरप्याएवढा झाला. टाइप करताना लुकलुकणारी ती बारीक रेघ कुंपणाच्या मेढीएवढी जाड झाली. शेवटी अर्जदाराच्या नुसत्या नावाने स्क्रीन भरली आणि आडनाव बघायला बाण सरकवावा लागायला लागला, तेव्हा त्या "थांब" म्हणाल्या. मग त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट, आणि कामाला लागल्या. पाच वाजून गेले तरी त्या उठल्या नाहीत. शिपाई दोनदा डोकावून गेला.

यात कोणाचं काही बिघडायचं कारण नव्हतं. पण एवढी अक्षरं टेबलाच्या पलीकडूनही दिसतात, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

ते लक्षात आणून दिलं उमरठकडच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी. वाडीवर त्यांची गुरं, आणि गोठ्याच्या अनुदानासाठी त्यांनी अर्ज केलेला. ते खूप दिवस खेपा घालत होते आणि आम्ही त्यांना 'सर्व्हर डाऊन आहे' असं सांगत होतो. खरं सांगायचं तर आमच्या कचेरीत हे उत्तर सर्व्हर येण्याच्या आधीपासून होतं, तेव्हा त्याचे शब्द वेगळे होते एवढंच. त्या दिवशी मॅडमनी त्यांचा अर्ज उघडला. आजोबा रांगेतूनच बघत होते.

"पर-लं-बित," त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. "म्हंजे काय गो बाय?"

"म्हणजे पडून आहे."

"कुनाकडं?"

मॅडमनी बाण सरकवला. पुढची ओळ आली.

"सा-हे-बां-च्या स-ही-सा-ठी." आजोबांनी वाचून संपवलं आणि साहेबांच्या दाराकडे पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनीच पाहिलं. दाराआड खुर्चीवर साहेबांचा कोट होता. साहेब बैठकीला गेले होते.

त्यानंतर रांगेला शिस्त राहिली नाही. ज्याला त्याला आपली पिवळी ओळ बघायची होती. मुंबईहून सुट्टीवर आलेला एक जण तर "मॅडम, जरा स्क्रोल करा ना" असं सांगायला लागला.

साहेब परतल्यावर त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

"ही शासकीय माहिती आहे. ती अशी लांबून दिसणं बरं नाही."

"त्यांचीच माहिती आहे, साहेब," मॅडम साहेबांच्या कानाकडे बघत म्हणाल्या.

"असेल. पण गोपनीयता म्हणून काही असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ती स्क्रीन नॉर्मल करा."

माझं कंत्राट दर वर्षी साहेबांच्या सहीने वाढायचं. मी स्क्रीन नॉर्मल केली. पांढरी, बारीक अक्षरांची. मॅडमनी एकदा मान वाकडी करून बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, आता या रजा टाकणार.

दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा आले. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, मला यातलं काही दिसत नाही. असे टेबलाच्या आत या आणि तुमचं तुम्हीच मला वाचून दाखवा. मोठ्याने हं, पंख्याचा आवाज आहे."

आजोबा आत आले. हळू वाचणारी माणसं फार मोठ्याने वाचतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यांनी आपलं नाव वाचलं, गाव वाचलं, गुरं किती ते वाचलं. नंतर 'साहेबांच्या सहीसाठी प्रलंबित' असं वाचलं आणि नीट लागलं की नाही म्हणून परत एकदा वाचलं. त्यांच्यामागून पुढचा अर्जदार आत आला. ज्याला वाचता येत नव्हतं त्याचं मागच्याने वाचलं. दुपारपर्यंत कचेरीची शाळा झाली होती. साहेबांकडे जिल्ह्याहून पाहुणे आले होते. त्यांनी चहा पिता पिता विचारलं, "बाहेर काय चाललंय?"

"लोकांना जागृत करतोय," साहेब म्हणाले.

पाहुण्यांनी कौतुक केलं. ते गेल्यावर साहेबांनी बऱ्याच सह्या केल्या. मग मला बोलावून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या मॅडमची स्क्रीन आधी होती तशी करून टाका. दिव्यांगांची सोय बघितली पाहिजे."

मी सगळं होतं तसं केलं. मॅडमनी मान वाकडी करून बघितलं. मग म्हणाल्या, "बाण थोडा लहान झालाय का रे?" झाला होता. मी पुन्हा वाढवला.

आजोबांचा गोठा झाला. पुढे ते एकदा दुधाचा लोटा घेऊन आले. मॅडमनी तो घेतला नाही आणि त्यांनी परत नेला नाही. शेवटी कचेरीतल्या सगळ्यांनी चहा प्यायला. साहेबांनीही.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांना 'कार्यालयाची दृष्टी' म्हटलं. सगळ्यांच्या वतीने त्यांना मनगटी घड्याळ दिलं. नाजूक होतं, काटे केसासारखे. मॅडमनी ते बोटांनी चाचपलं आणि "सुंदर आहे" म्हणाल्या.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिथे उभं असताना माझ्या मनात आलं ते मी विचारलं, "तुम्ही गाडीची पाटी कशी वाचता?"

"नाही वाचत," त्या म्हणाल्या. "आली की चढते आणि विचारते. चुकीची असली तर उतरते. एकदा सकाळी येताना विचारायचं राहून गेलं आणि महाबळेश्वरच्या गाडीत बसले. ती इथे थांबलीच नाही, घाट लागला तेव्हा कळलं."

"मग?"

"मग काय, गेले. थंड होतं. कणीस खाल्लं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. साहेबांना ताप आला म्हणून सांगितलं."

तेवढ्यात गाडी लागली. गर्दी पुढे सरकली. मी पाटी वाचायला माणसांतून वाट काढत होतो, तोवर मॅडम पायरीवर चढून कंडक्टरला काहीतरी विचारत होत्या. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. त्या आत गेल्या आणि दार लागलं. त्या उतरल्या नाहीत, तेव्हा गाडी महाडचीच असावी.