आप्पांचा कान

"गप. इंजिन बोलतंय."

एवढं म्हणून आप्पा एक बोट वर करायचे, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. गॅरेजातली माणसं मग आरतीला उभं राहावं तशी उभी राहायची. मिस्त्री हातातला पाना खाली ठेवायचा. ज्याची गाडी असेल त्याचा तर श्वासच अडकायचा. बऱ्याच वेळानं आप्पा डोळे उघडायचे आणि निदान सांगायचे. ते चुकीचं असायचं.

हे मी रागानं सांगत नाही. अधूनमधून कुणीही चुकतं. पण इतक्या सातत्यानं चुकायला साधना लागते, आणि आप्पांची तेवढी साधना होती. दौंडला रेल्वेत त्यांनी आयुष्यभर डिझेल इंजिन चालवलं. निवृत्त झाल्यावर रोज सकाळच्या डेमूनं ते केडगावला यायचे, आमच्या मिस्त्रीच्या गॅरेजात पत्र्याच्या खुर्चीवर बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं ड्युटी संपल्यासारखे परत जायचे. दौंडात गॅरेजं नाहीत असं नाही. पण दौंडातल्या मिस्त्रींनी त्यांना केव्हाच ओळखलं होतं.

तुमच्याही गावात असा एखादा असेलच. त्याला काम कुणी सांगत नाही आणि जा असंही कुणी म्हणत नाही. एकदा एका मास्तरांची स्कूटर बंद पडली. आप्पांनी कान लावला. बंद स्कूटरमध्ये ऐकण्यासारखं काय होतं ते त्यांनाच ठाऊक. मग म्हणाले, "आमच्या इंजिनाला मनमाडला असंच झालं हुतं. पिस्टन धरलाय." मिस्त्रीनं टाकीचं झाकण उघडलं. आत पेट्रोल नव्हतं. "तेच," आप्पा म्हणाले. "पेट्रोल न्हाई, मग पिस्टन धरणारच." मास्तर पेट्रोल आणायला चालत गेले. मराठी शिकवायचे, विज्ञान नव्हे, त्यामुळे वाद घातला नाही.

माझी खुटबावला उसाच्या रोपांची नर्सरी आहे. रोपांचे ट्रे पोचवायला मी शिरूरकडच्या एका कार्यकर्त्याकडून जुनी पिकअप घेतली. गाडीचा जन्म माल वाहायला झाला होता, पण मधली काही वर्षं तिनं राजकारणात घालवली होती. मिरवणुकीत साहेबांच्या गाडीमागं उठून दिसावी म्हणून त्यानं तिची बॉडी वर उचलून घेतली, स्प्रिंगचे पाटे वाढवले आणि ट्रॅक्टरला शोभतील असे टायर बसवले. साहेब निवडणुकीत पडले आणि गाडी विक्रीला निघाली. तिच्यात ट्रे चढवायला बायकांना पायाखाली क्रेट घ्यावा लागायचा. एक शेतकरी मला म्हणालासुद्धा, "रोपं आणलीत का स्लॅब टाकायला आलात?"

उंचीचं एक वेळ चाललं असतं, पण गाडीचा दम गेला. रिकामी असली की ऐटीत पळायची. भरली की चढाला अंग टाकायची. पारगावच्या पुढं भीमेचा पूल ओलांडला की जो चढ लागतो, तिथं तर ती काळा धूर सोडत पायी चालणाऱ्याच्या चालीनं जायची. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर माझ्या पुढं निघून गेला. जाताना ड्रायव्हरनं प्रेमानं हात केला. तो हात मला बरेच दिवस लागला.

मी गाडी मिस्त्रीकडं नेली. आप्पांनी बोट वर केलं. पहिलं निदान क्लच. मिस्त्रीनं क्लच बदलला. मग डिझेल फिल्टर, मग पंप, मग पेट्रोल पंपावरच्या डिझेलमध्ये पाणी आहे असा संशय. शेवटी आप्पा म्हणाले, "गाडीच्या मनात न्हाई." हे एक निदान मला पटण्यासारखं होतं.

"आप्पा, चढाला एक आवाज येतो," मी सांगून पाहिलं. "बारीक. कुणी शीळ घातल्यासारखा."

आप्पा माझ्या शेजारी बसून केडगावात चक्कर मारून आले. "कुठाय शीळ?"

"रिकामी असल्यावर येत न्हाई. भरल्यावर येते."

"येत असती तर मला आली असती. मला न्हाई आली म्हंजी न्हाई."

मी मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं जमिनीकडं बघितलं. "आप्पा म्हणत्यात न्हाई, म्हंजी नसंल," तो म्हणाला. त्याचं म्हणणं एका परीनं बरोबर होतं. गिऱ्हाईक येतं आणि जातं, आप्पा रोज येतात.

तेवढ्यात न्हावऱ्याच्या एका बागायतदारानं निरोप धाडला. गेल्या वेळी माझी रोपं उन्हात रस्त्यावर थांबून माना टाकूनच त्याच्याकडं पोचली होती. या वेळी तसं झालं तर तो दुसऱ्या नर्सरीकडून घेणार होता, आणि त्याच्यामागं त्याची सगळी भावकी. मी गाडी विकायचं ठरवलं. आप्पांना हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांनाच विकतोय.

"मी हाय तवर ही गाडी इकायची न्हाई," ते म्हणाले. "उद्या भरून आण. मी येतो संगं. चढालाच ऐकतो तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावऱ्याची रोपं भरून आम्ही दोघं निघालो. आप्पांना केबिनमध्ये चढवणं हेच मुळात ट्रे भरण्यापेक्षा जड काम होतं. बसल्यावर मात्र ते ताठ झाले, काचेतून पुढं बघायला लागले. रुळावरच्या सवयीनं प्रत्येक वळणाला, सिग्नल बघितल्यासारखं, "मोकळा" असं सांगायचे. समोरून टेंपो येत असला तरी मोकळाच सांगायचे.

पारगाव सोडलं आणि आप्पा म्हणाले, "किती शांत रस्ता हाय बघ हा."

मी आरशात बघितलं. आमच्या मागं एक ट्रक चिकटला होता, आणि त्याचा ड्रायव्हर कर्कश हॉर्नवर हात ठेवून बसला होता. बराच वेळ. मी गाडी बाजूला घेतली. ट्रक शिव्या देत पुढं गेला. आप्पांनी त्याच्याकडं बघून हात केला आणि म्हणाले, "ओळखीचा दिसतोय."

मला हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. शांत रस्त्याबद्दल मी नुसतं "व्हय" म्हणालो.

पूल ओलांडला. चढाच्या मध्यावर गाडीनं नेहमीप्रमाणं मान टाकली. चाकांना मागून-पुढून दगड लावले, बॉनेट उघडलं. इंजिनावर ओझं यावं म्हणून मी केबिनमध्ये बसून हँडब्रेक ओढला, गिअर टाकून अर्ध्या क्लचवर ॲक्सिलरेटर दाबला आणि आप्पा पेचकस घेऊन इंजिनावर वाकले. शीळ मला आत बसून स्वच्छ ऐकू येत होती. आप्पांनी एका जागी कान लावला, डोळे मिटले. दुसऱ्या जागी लावला. तिसऱ्या. त्यांच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या. काहीच ऐकू येत नसताना ऐकत राहणारा माणूस इतक्या जवळून बघायची वेळ कुणावर येऊ नये.

मग तोल सावरायला त्यांनी एक हात आत घातला आणि तो हात तिथंच थांबला. पेचकस त्यांनी बाजूला ठेवला. तळवा उलटा केला, खाली सरकवला, पुन्हा वर आणला. नंतर माझ्या खिडकीशी आले.

"शीळ वाजतीय का रं?"

"व्हय आप्पा."

"आत्ता?"

"आत्ता बी वाजतीय."

"मोठ्यानं?"

"बऱ्यापैकी."

त्यांनी आपल्या तळव्याकडं बघितलं. "मला वारं लागलं," ते म्हणाले. "हाताला."

बॉडी वर उचलताना इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा रबरी पाइप ताणला गेला होता आणि खालच्या अंगाला, नजर जाणार नाही अशा जागी, त्याला भेग पडली होती. ओझं आलं की ती भेग उघडायची आणि इंजिनाला मिळायची ती हवा रस्त्याला मिळायची. इंजिन जरा निवल्यावर ट्रे बांधायच्या ट्यूबच्या पट्ट्या आप्पांनी त्या पाइपावर गच्च आवळल्या. त्यांची बोटं फार सफाईनं चालत होती. मग मी गाडी सुरू केली, आणि ती मोठ्या टायरांची धिप्पाड गाडी चढ अशी चढली की जणू तो तिथं नव्हताच.

आता आप्पा न्हावऱ्यापर्यंत बढाई मारत येणार, अशी मी मनाची तयारी केली होती. ते तर "मोकळा"सुद्धा म्हणाले नाहीत.

मिस्त्रीनं लांब पाइप घालून काम पक्कं केलं. न्हावऱ्याची भावकी माझ्याकडंच राहिली. आप्पा मात्र गॅरेजात यायचे थांबले. खुर्ची रिकामी बघून गिऱ्हाइकंही विचारायला लागली. शेवटी मी दौंडला त्यांच्या घरी गेलो.

"बारीक आवाज कवाच गेल्यात म्हणं," त्यांनी सांगितलं. "डाक्टर म्हणला, इंजिनात बसून बसून जात्यात. आधी बारीक जात्यात, मग जाड."

"मी किती वर्षं सांगतेय," आतून काकू म्हणाल्या. "पर ते बी ऐकू आलं नसंल."

कानाचं मशिन लावून आप्पा पुन्हा केडगावला यायला लागले. आता त्यांची निदानं बरोबर यायला लागली असतील असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कान सुधारला तरी मत तेच राहिलं. एवढाच फरक पडला की मागं कुणी हसलं तर त्यांना ते ऐकू यायचं. ते वळून बघायचे, आणि हसणाऱ्याच्या गाडीचं निदान हटकून जास्त खर्चाचं सांगायचे.

काकू गेल्यावर मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. सामान माझ्याच पिकअपमध्ये भरलं. सामान थोडं होतं, गाडी जवळजवळ रिकामीच पळाली. मुलाच्या सोसायटीत सगळं वर पोचवलं, चहा झाला. वर्षभरानं आप्पा गेल्याचा मुलाचा फोन आला, तेव्हा मला त्यांचा आठवला तो हाच दिवस.

मी निघालो तेव्हा आप्पा लिफ्टनं खाली आले. सोसायटीच्या फाटकातून माझी ती अवजड गाडी मोठ्या रस्त्यावर मागं घ्यायची होती. आप्पा वॉचमनला बाजूला सारून सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी अख्खी वाहतूक थांबवली. मी गाडी मागं घेतली, सरळ केली, निघालो. आरशात बघितलं तर ते अजून तिथंच होते, हात तसेच पसरलेले. पुढून मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या, एक मोटारवाला खिडकीतून डोकं काढून ओरडत होता. मशिन त्यांच्या कानात होतं, सगळं त्यांना ऐकू येत होतं. मी वळणापलीकडं दिसेनासा होईपर्यंत ते काही हलले नाहीत.