राखाडी दात

तात्यापारा मोहल्ल्यातल्या इंदूबाई हसताना पदर तोंडाशी धरत. सकाळ-संध्याकाळ त्या दातांना गुडाखू घासायच्या. तंबाखू-गुळाच्या त्या काळ्या लगद्यानं तीस वर्षांत दात पार तपकिरी झाले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान बाबाराव चारचौघांत म्हणत, "कोळशाची खाण आहे हिच्या तोंडात!"

गालात आतून झोंबायला लागलं, वरणसुद्धा तिखट लागू लागलं, तेव्हा मुलगी क्षमा त्यांना जवळच्याच बुढापारा मोहल्ल्यातल्या दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर ज्ञानदा तरुण होती, नागपूरची.

"बाकीचे डाग गुडाखूचे आहेत, काकू. पण हा समोरचा दात राखाडी आहे. तो आतून मेलाय. कधी मार लागला होता?"

"तीस वर्षं झाली. नळावर घसरली होती."

ज्ञानदानं पुढं विचारलं नाही. गालातला पांढरा चट्टा बघून ती गंभीर झाली. त्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल, म्हणाली.

रिक्षात क्षमा म्हणाली, "आई, तेव्हा आपल्या घरी नळ कुठं होता? बोरिंगवरून पाणी आणत होतो न आपण?"

इंदूबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

"भाजीत मीठ जास्त झालं होतं. यांनी पाण्याचा पितळी गडवा तोंडावर फेकून मारला. आठ दिवस दात ठणकून राहिला होता. शेजारच्या राधाबाईनं गुडाखू दिला. लाव म्हणे, दुखणं समजत नाही. मंग सुटलाच नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू पोट्टी होती. सांगून का होणार होतं?"

तपासणीत कॅन्सर निघाला. एका बाजूचा जबडा काढावा लागला. भेटायला आलेल्यांना बाबाराव सांगत होते, "गुडाखूनं खाल्लं हिला. किती सांगितलं, ऐकतच नव्हती."

क्षमा दारातच थांबली. "गुडाखू लागला कशानं, तेही सांगा बाबा. गडवा कोणी फेकला होता?"

पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. त्याच आठवड्यात क्षमानं आईला आपल्या घरी नेलं.

इंदूबाई सात महिने नळीतून पेज घेत जगल्या. बोलता येत नव्हतं. शेवटी शेवटी बाबाराव आले, बाहेर चपला काढून उभे राहिले.

"आत येऊ देऊ?" क्षमानं विचारलं.

इंदूबाईंनी मान हलवली. नाही.

बाबाराव थोडा वेळ पायरीवर बसले आणि निघून गेले.