उखाण्यातली वाळू

ती केस आठवली की मला आजही समोरची खुर्ची झटकावीशी वाटते.

तेव्हा मी बेळगावात पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. पिरनवाडीची एक सून तक्रार अर्ज घेऊन आली. ती स्वतः रचलेले उखाणे फेसबुकवर टाकायची. निपाणीच्या एका छापखानेवाल्यानं ते उचलले आणि स्वतःच्या नावानं पुस्तक काढलं. नणंदेच्या लग्नात हिनं आपलाच उखाणा घेतला, तर बायका म्हणाल्या, पुस्तकातला पाठ करून आली.

"साहेब, उखाणा माझा आन् चोर बी मीच. सासरी तोंड कसं दाखवू?" तिचे डोळे भरले. मला मनापासून राग आला.

छापखानेवाल्याला चौकशीला बोलावून दोघांना समोरासमोर बसवलं. गृहस्थ कडक इस्त्रीत आले होते. "उखाणं कुणाच्या मालकीचं असत्यात व्हय, साहेब? आज्ज्यांपासनं चालत आल्यात. हिनं बी कुठनं तर उचललं असंल."

खोटं बोलणारा मोठ्या गोष्टी घोकून येतो, बारीक विसरतो. मी पुस्तक उघडून वाचलं:

'कामावरून घरी येता वाळू गळते केसांतून,
...रावांचं नाव घेते केर काढता काढता हसून.'

"ही वाळू कुठली?"

"नदीला आंघोळीला गेला असंल की."

"रोज?"

त्यांनी कडक कॉलर सारखी केली. तेवढ्यात बाईंचा नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यातली पाळी संपवून तिला न्यायला आला. फौंड्रीत, लोखंड ओतण्यासाठी वाळूचे साचे भरायचं त्याचं काम. साहेबांसमोर म्हणून त्यानं डोक्याचा रुमाल सोडला आणि खुर्चीवर, टेबलावर, माझ्या फायलीवर काळी वाळू सांडली. बाई हसल्या. आमचे हवालदार कुरकुरत झाडू आणायला गेले.

छापखानेवाले त्या वाळूकडे बघत राहिले. "चुकलं साहेब. मोबाइलवर गावलं, वाटलं कुणाचंच नसंल."

"गुन्हा नोंदवू का?" मी बाईंना विचारलं. उत्तर नवऱ्यानं दिलं. "जन्मभर ही माझं नाव घ्यायलीया साहेब. एकदा हिचं बी छापा की."

छापखानेवाल्यानं तसं लिहून दिलं आणि पाळलंही. नव्या मुखपृष्ठावर बाईंचं नाव ठळक आलं. त्याच बायकांनी मग हळदीकुंकवाला तिची पुस्तकावर सही घेतली.

बेवारस सायकल ठाण्यात आली तरी आम्ही मालक शोधतो. मोबाइलवर सापडलेल्या ओळीलाही मालक असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढे मुलीच्या लग्नात पाहुण्यांनी मलाच उखाण्याचा आग्रह धरला. मी त्या पुस्तकातला पुरुषांसाठीचा एक निवडला आणि आधी तो कुणी रचला, ते सविस्तर सांगू लागलो. शेजारून बायको हळूच म्हणाली, "अहो, त्यांचं नाव झालं. आता माझं घ्या."