कोरड्या मुलखात मी घातलेली नदी

सातारच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे वडील, आण्णा, गाडीच्या टपावरच्या बॅगांवर डोळा ठेवून उभे होते. "वाटंत कुनावर इस्वास टाकू नको," एवढंच ते म्हणाले. आई नुसती पदराशी चाळा करत होती. तेवढ्यात माझा हॉस्टेलचा दोस्त सिद्धराम, आमचा सिद्धू, धापा टाकत आला. जतहून दोन गाड्या बदलून. त्यानं एक दोनशेपानी वही माझ्या हातात कोंबली.

"तिकडं खेळणारी मान्सं भेटतील. दाव त्यास्नी. माझं नाव सांग, बास."

आण्णांनी आधी वहीकडं पाहिलं, मग सिद्धूकडं, मग माझ्याकडं. पंचवीस वर्षं झाली त्याला. मी इंग्लंडात आलो, वही दाखवली, नाव सांगितलं नाही.

गावाकडं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखंच बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही दोघांनीही मला त्या वहीवरून छापलेल्या पुस्तकाबद्दल शाबासकी दिली होती. म्हणून हे दोघांनाही लिहितोय.

सांगलीच्या हॉस्टेलवर आम्ही एक विचित्र खेळ खेळायचो. एकानं एक काल्पनिक जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि कोण तरला, कोण बुडाला ते फाशानं ठरवायचं. नियमांचं इंग्रजी पुस्तक पाचगणीच्या रद्दीवाल्याकडं मिळालं होतं, अर्धी पानं गायब. वीस बाजूंचा फासा कुणी बघितलाही नव्हता. आम्ही वीस चिंचोक्यांवर आकडे घालून ते स्टीलच्या पेल्यात हलवून एक काढायचो. पुस्तकातलं जग बर्फाचं, किल्ल्यांचं, ड्रॅगनचं. सिद्धू दोनच दिवस खेळला. "ह्या बर्फात मेंढरं चारायची कुठं रं?" म्हणाला आणि स्वतःचं जग लिहायला बसला.

त्याच्या घरची पिढ्यान्पिढ्या मेंढरं. दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर टाकून जतहून आमच्या ऊसपट्ट्याकडं चालत यायचे. त्याचा 'कोरडा मुलूख' तसाच होता. पाणी कुठंच कायमचं नाही, म्हणून माणसं कायम चालतात. आणि प्रत्येक गावाला एक आकडा, संशयाचा. तांडा वेशीशी आला की गावकरी विचारणार, "मेंढरं कुणाची?" खरं सांगितलं आणि त्यांच्या शेतात मेंढरं बसवून खत दिलं, तर आकडा खाली येतो. दुसऱ्याची मेंढरं आपली म्हणून सांगितली, तर तो पुन्हा कधीच उतरत नाही.

हा नियम त्यानं आमच्याच गावावरून घेतला असणार. मेंढरं शेतात बसवायला आण्णा बोलावणं धाडायचे, आणि ती आली की बांधावर राखण बसवायचे.

इंग्लंडात आल्यावर माझ्यावरच नजरा. दुकानात शिरलो की एक माणूस चार पावलं मागं. शेजारीण कधी बोलली नाही, पण मी घरात असलो की तिच्या खिडकीचा पडदा हलायचा. अशात एका छोट्या गेम-प्रकाशनात काम मिळालं. साहेब म्हणाला, तुमच्या देशातलं काही आहे का? मी वही काढली. इंग्रजीत उतरवली. "तुझंच का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. एवढं सोपं होतं ते.

छापण्याआधी माझी म्हणून एकच भर घातली. मी कृष्णाकाठचा, बारा महिने पाटाला पाणी बघत वाढलेला. नकाशात नदीच नाही, म्हणजे सिद्धूचं काढायचं राहिलं असणार, असं मला मनापासून वाटलं. मधोमध एक बारमाही नदी काढली.

पुस्तक आलं, थोडं खपलं, संपलं. एक प्रत घरी पाठवली होती. आईनं फोनवर सांगितलं, "आण्णांनी अजून वरचा कागद बी फोडला न्हाई." मी पुढं विचारलं नाही.

यंदा प्रकाशनानं वाचकांनाच विचारलं: कोणत्या जुन्या जगांची नवी आवृत्ती काढावी? निवड करणाऱ्यांत मीही होतो. जमिनीखालचं काचेचं शहर पहिलं आलं. मी विरोध केला, कारण त्या जगाचं सगळं सांगून झालंय. नव्या आवृत्तीत फक्त कागद चकचकीत होईल. उडत्या बेटांनाही मी नाही म्हणालो, ती लोकांना फक्त लहानपणाच्या आठवणींपोटी हवी आहेत. माझं मत असं, की नवी आवृत्ती त्या जगाला द्यावी ज्यात काहीतरी चुकलंय आणि दुरुस्त करणारा अजून जिवंत आहे. बोललो आणि यादीत पुढं बघितलं. तिसरं नाव कोरड्या मुलखाचं होतं.

त्याखाली कुणा वाचकानं निनावी लिहिलं होतं: "ही नदी मागाहून घातली आहे. नदी असती तर ही माणसं चाललीच नसती."

हे ठाऊक असणारा माणूस जगात एकच. आठवडाभर मी त्या दोन ओळींची भाषा उलटीपालटी करून बघितली, सिद्धूचं इंग्रजी असं होतं का म्हणून. त्यात आईचा फोन. "तुझा सिद्धू आल्ता. च्या पिऊन गेला. काय बोलला न्हाई." का आला होता? आण्णांना काय सांगितलं? मी सुट्टी टाकली, वहीचं पान न् पान स्कॅन केलं आणि वही घेऊन थेट जत गाठलं.

सिद्धू आता शाळेत भूगोल शिकवतो. दारात चार मेंढरं अजून आहेत. मी वही पुढं केली आणि जे सांगायचं ते उभ्यानंच सांगितलं. तो आत गेला आणि माझं पुस्तक घेऊन आला. त्याची स्वतःची प्रत, कैक वर्षांपूर्वी मागवलेली. नकाशावरची नदी काळ्या पेनानं उगमापासून शेवटपर्यंत खोडलेली. मुखपृष्ठावरचं माझं नाव मात्र तसंच.

"नदी कशाला घातलीस रं, इलास?"

पंचवीस वर्षांत त्याची तक्रार एवढीच.

"ती नोंद तूच लिहिलीस ना?" मी विचारलंच. संशय सुटत नाही माणसाला.

"मी कशाला लिवू? ज्यानं पान्यापायी गाव सोडलंय त्या कुनालाबी कळंल की ते."

"नव्या आवृत्तीवर तुझं नाव जाईल. वहीची पानं पाठवून कळवलंय मी त्यांना."

"घाल. आन आत कुठंतरी तुझंबी ऱ्हाऊ दे. नदी कुनी घातली ते लोकांस्नी कळाय नगो व्हय?" तो हसला.

प्रकाशनानं अजून होकार दिलेला नाही. आता त्यांना माझ्या प्रत्येक पुस्तकाचा संशय येतोय. येऊ दे.

घर म्हणजे मी सोडलेलं गाव, असं मी तिकडं पुष्कळांना सांगत आलो. आता वाटतं, वेशीवर विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देता येईल तिथं घर. परतताना गावी गेलो तेव्हा आण्णा सोप्यात बाजेवर बसले होते. माझ्या हातांकडं बघून म्हणाले, "वही कुठं हाय?"

"ज्याची त्याला दिली."

ते बाजेवर थोडे सरकले.

"बस," म्हणाले.